फौज कोणाची, यावरून चिडलेले सासरे

साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका राजावर इतका मनापासून चिडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचे सासरे. नागपूरच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि २००४ मध्ये सहा महिने आयर्लंडातल्या स्वोर्ड्स गावी लेकीकडे राहायला आलेले. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला ते 'चार्ल्या' म्हणत आणि तो अजून शेजारी राहत असल्यासारखे बोलत. बसथांब्यावर मी एकदा पावसाचा विषय काढला. "पावसाचं सोडा," माझा हात घट्ट धरून ते म्हणाले. "इथं आयर्लंडात बंड झालं. फौज धाडायची आहे. चार्ल्या म्हणून राहिला, सेनापती मी नेमणार! संसद म्हणते, ती फौज तू आमच्यावरच आणशील. काय चुकलं बाप्पा त्यांचं?" इथे हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. माझा हात त्यांच्याकडे होता. बस गेली.

"पण बाबा, तेव्हा सैन्य राजाचंच असायचं ना?" असे जावयाने विचारले, तेव्हा ते दोन दिवस त्याच्याशी लेकीमार्फत बोलले. संसदेलाही सूट नव्हती. राजाच्या संमतीविना तिने सैन्याचा हुकूम काढला, हे त्यांना खपत नसे. "हेडमास्तरच्या सहीशिवाय मी कधी रजा घेतली काय?"

हा सगळा संताप खरे तर नऊ वर्षांच्या नातीसाठी होता. ती इथेच जन्मलेली; मराठी समजे, उत्तर आयरिश वळणाच्या इंग्रजीत देई. परत जाण्यापूर्वी आपली ही एक गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकावी, एवढेच त्यांना हवे होते. गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळाने त्यांना ती सांगायला दहा मिनिटे दिली. गोष्टीतला राजा लंडन सोडून निघाला आणि सेक्रेटरीने माईक काढून घेतला. "काका, आरतीची वेळ झाली."

"चार्ल्या संसदेत घुसला तोसुद्धा टोपी काढून! तुम्ही तेवढंही केलं नाही!"

आरतीनंतर नात ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसली. "गो ऑन, आजोबा."

त्यांनी सांगितले. एकाच गावात राजाचा हुकूम आला, संसदेचाही आला. माणसांनी कोणामागे जायचे ते कळेना, आणि युद्ध पेटले. तिने घास हातातच ठेवला.

"बट डिड एनीवन आस्क अस?"

"अस म्हणजे कोण, बाळा?"

"अस. द आयरिश."

"नाही विचारलं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं शिकवलं. मीपण नाही विचारलं."

पुढच्या आठवड्यात ते नागपूरला गेले. तोवर चार्ल्याचे नाव त्यांनी काढले नाही. नातीकडे मात्र अधूनमधून बघत. नुकतीच ओळख झालेल्या, जरा मान देऊन बोलायच्या माणसाकडे बघावे तसे.