कांबळ्यांची घटपर्णी

एका सोसायटीत तीन झाडवेडे जमले की किस्से साठतात. झाडं साठत नाहीत! ऐंशीच्या दशकात वाशीला आम्ही असे तिघे होतो: तुर्भ्याच्या कारखान्यात लॅबमध्ये असलेले कांबळे, बँकेतले परांजपे आणि मी.

कांबळ्यांचा मेहुणा बोटीवर होता. त्याने बोर्निओच्या डोंगरावरची घटपर्णी आणून दिली. पानाच्या टोकाला झाकणवाला छोटासा घडा. त्यात किडे पडतात आणि झाड ते पचवतं. तिला दिवसा ऊब लागते, रात्री थंडी. वाशीत थंडी फक्त फ्रिजमध्ये! तेव्हा रोज रात्री घटपर्णी आत आणि वहिनींची भाजी बाहेर. पाहुण्यांनी गार पाणी मागितलं की वहिनी म्हणायच्या, "सकाळी देते. ती झोपलीय."

आमचे चेअरमन सावंत. झाड किडे खातं हे कळल्यावर तेही आले.

"आमच्याकडे डास लय आहेत. एक रात्र द्या की."

"अहो, महिन्याला दोन डास खाल्ले तरी खूप."

"मग पाळता कशाला?"

एकदा कांबळे गावी गेले आणि घटपर्णी परांजप्यांकडे राहिली. परत येऊन बघतात तर घड्याच्या तोंडावर मलमलीचं फडकं!

"आज एकादशी," परांजपे म्हणाले.

"झाडाला?"

"माझ्या घरात राहते ना?"

पुढे तो घडा वाळला. नवी पानं आली, पण घडा काही धरेना. आम्ही वरवर चेष्टा करायचो, पण कांबळ्यांचं जेवणात लक्ष नसायचं ते बघवत नव्हतं. "एकदा झाकण उघडताना बघायचंय हो," एवढंच म्हणायचे. मे महिन्यात लाइट गेली तेव्हा कुंडीभोवती ठेवायला ते कोळणीकडे मासळीवरचा बर्फ मागायला गेले.

"झाराला बरफ?" ती म्हणाली. "मंग म्हावरा काय कुंडीन लावतंस?"

पण बर्फ दिला तिने. आणि पावसाळा संपता संपता एका पानाच्या टोकाला घडा धरला. फुगला, लालसर झाला. झाकण अजून घट्ट मिटलेलं होतं. कांबळ्यांनी रजा टाकली. रविवारी नक्की उघडणार म्हणून अख्ख्या सोसायटीला चहाला बोलावलं.

आता एवढी माणसं जमणार म्हटल्यावर चेअरमन प्रमुख पाहुणे झालेच. सावंत हार घालून खुर्चीत बसले. दहा वाजले, अकरा वाजले. चहा दोनदा झाला. झाकण हलेना. सावंतांना बाराला तुर्भ्याला एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, उठले, कुंडीपाशी गेले आणि नखाने झाकण उघडलं.

सवयीने आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

झाकण सावंतांच्या हातातच आलं होतं. ते त्यांनी कांबळ्यांपुढे धरलं. कांबळ्यांनी दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाले, "आभारी आहे साहेब."