नवरदेवाला थांबवणारी

शहापूरला एसटीतून उतरले, समोर माहुलीचे सुळके दिसले आणि मी उगीचच पदर सावरून ताठ उभी राहिले. जुनी खोड. लग्नानंतर याच भागात आले तेव्हा आमचे हे मामलेदार होते, आणि भाताचं रोप नि गवत यांतला फरक न कळणारी मी एका रात्रीत ‘मामलेदारीणबाई’ झाले होते. परीक्षा त्यांनी दिली, हुद्दा मला मिळाला. तो मी इतका मनावर घेतला की बाजारात वांगीसुद्धा हुकूम सोडल्यासारखी मागायचे. या वेळी रिक्षावाला एवढंच म्हणाला, “आजी, जरा सरका.” सरकले.

किन्हवलीमार्गे सरळगावला पोचेपर्यंत डोळ्यांसमोर नुसती वैशाखातली भुईसपाट, भेगाळलेली भातखाचरं. तिथून जीपमध्ये कोंबून घेतलं. एका कोंबडीने माझ्या मांडीवर बस्तान मांडलं, ती वैशाखरे येईपर्यंत हललीच नाही. माझ्या पातळाची तिने रया घालवली.

वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावर जनीबाई राहते, माझी तेव्हापासूनची मैत्रीण. ती धवलेरी (धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई). पाड्यावर धवलेरीच्या शब्दाशिवाय नवरदेव मांडवात पाऊल टाकत नाही. मामलेदारीणबाई म्हणून इथल्या पहिल्या लग्नाला आले तेव्हा भिंतीवर काढलेल्या लग्नचौकाजवळची एकुलती एक घोंगडी माझ्यासाठीच अंथरलीय असं समजून मी तीवर ऐसपैस बसले होते. ती धवलेरीची जागा. मी पाणी प्यायला उठेपर्यंत सगळं लग्न खोळंबलं, आणि मला वाटत होतं, माझ्या मानासाठीच एवढी शांतता आहे.

यंदा जनीचा घसा पार बसला होता. आता धवलेरी म्हणून उभी राहणार होती तिची सून वनिता. जनीचा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली. धवलेरीला कुंकवाची अट नसते. जनी स्वतः निम्मं आयुष्य विधवा. तरीही धाकधूक होतीच, म्हणून तिने निरोप धाडला होता, “ये. पोरीला पयल्यांदाच उभं राहायचंय. नाय जमलं तं लोक गाण्याचं मशीनच लावतील.”

तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढताना वनिता मनातल्या मनात धवळे घोकत होती. ओठ सारखे हलत होते.

दुपारी पाड्यावरच्या लग्नाला वऱ्हाड आलं. नवरदेवाचा काका वाशिंदच्या कारखान्यात कामाला. घामाघूम होऊन आला तो पेनड्राइव्ह नाचवतच. यात सगळे धवळे भरलेत, आवाज फस्क्लास, टाइम पण वाचेल, असं त्याचं म्हणणं. काही बाया माना डोलवायला लागल्या. जनीचा घसा सगळ्यांना ठाऊक होता आणि वनिताचा कोणी ऐकलेला नव्हता.

वनिता पुढे आली. “त्या डब्याला नवरीचं नाव म्हाईत हाय का, दादा? तिच्या मामाचं?”

मांडवात हशा पिकला. काकाही ओशाळून हसला, पण पेनड्राइव्ह त्याने हातातच ठेवला.

ती घोंगडीवर बसली आणि गायला लागली. आवाज कापरा, पण स्वच्छ. देवांची नावं झाली, गावाची वेस झाली, नवरीच्या आजा-पणजाची नावं सुरू झाली, आणि ती अडकली. पुढचं येईना. बाहेर नवरदेव उन्हात उभा, बाशिंगाखालून घाम गळतोय. काका स्पीकरकडे सरकला.

मी जनीकडे पाहिलं. तिला सगळं पाठ. नुसतं पुटपुटली असती तरी भागलं असतं. मी तिला कोपराने ढोसलं. तिने माझा हात बाजूला केला. सुनेला कायम एकेरीत ‘गो’ म्हणणारी ती बाई उठली, घोंगडीसमोर गेली आणि फाटक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “धवलेरी, तुमी टाइम घ्या. तुमच्याबिगर लगीन लागत नाय.”

काका जागच्या जागी थांबला. वनिताने डोळे मिटले. मग तिने अर्ध्यातून धरलं नाही. पार पहिल्या देवापासून पुन्हा सुरू केलं. नवरदेव आणखी तेवढाच वेळ उन्हात राहिला. आजे-पणजे आले, मामा आला, आणि तिने हात वर केला तेव्हाच नवरदेव आत आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जीपने मुरबाडला निघालो, जनीला डॉक्टरला दाखवायला. टोकावड्याला दोन बाया चढल्या. जनीला ओळखून म्हणाल्या, जेठात आमच्या पोरीचं लगीन हाय, धवलेरी, तुमीच या. जनीने हनुवटीने सुनेकडे दाखवलं.

वनिताने क्षणभर त्यांना न्याहाळलं. “आधी पोरीला माज्याकडं धाडा. तिला कराचंय का, ते मी तिला इचारन. मंग सांगन.”

दोघींतली थोरली म्हणाली, “बरं, धवलेरी.”

घरी पोचल्यावर माझ्या सुनेने विचारलं, काय पाहिलंत? मी म्हटलं, अधिकार कसा असतो ते पाहिलं. बाई ‘थांबा’ म्हणते आणि माणसं थांबतात. या वयात शिकले, पण शिकले.