तिसरं कोटेशन

पद्माकर सोनटक्के यांनी मुलीसाठी क्लास शोधायला घेतला, तेव्हा आधी एक फाईल उघडली. जाड पुठ्ठ्याची, नाडी असलेली, ऑफिसात असते तशी. वर लिहिलं, 'केतकी : पोर्टफोलिओ'. तारीख होती ३० जून.

केतकी सतरा वर्षांची, बारावीत. तिला नेदरलँड्समधल्या एका कला महाविद्यालयात जायचं आहे. तिथे मार्कांपेक्षा पोर्टफोलिओ बघतात : स्वतः केलेली पंधरा-वीस कामं आणि ती का केली याचं टिपण. शेवटची तारीख पंधरा जानेवारी. दिल्लीत अशी तयारी करून घेणारे क्लास पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक जण आपली मुलं कुठे कुठे लागली याची यादी भिंतीवर लावतो.

सोनटक्के एका केंद्रीय मंत्रालयाच्या खरेदी विभागात सेक्शन ऑफिसर आहेत. वाईहून परीक्षा देऊन दिल्लीत आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. तीन कोटेशनं आल्याशिवाय ते कशावर सही करत नाहीत. त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी साहेबांच्या घाईमुळे त्यांनी एकाच दुकानाच्या कोटेशनवर ऑफिसचे पडदे घेतले. चौकशी बसली. चौदा महिन्यांनी ते निर्दोष सुटले, पण तोवर त्यांचं प्रमोशन दुसऱ्याला मिळालं होतं. तेव्हापासून आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये फ्रिजसुद्धा तीन कोटेशनांवर येतो.

केतकीने तीन क्लास सुचवले : एक हौज खासचा, एक मुनिरक्याचा, एक करोल बागेतला. सोनटक्के यांनी तिघांना एकच ईमेल पाठवला. प्रश्न अकरा. सातवा प्रश्न : 'मुलांची निवड कोणत्या निकषांवर होते?' हौज खासने रंगीत माहितीपत्रक पाठवलं. मुनिरक्याने कळवलं, 'सर, कॉल कर लीजिए.' करोल बागेकडून काहीच नाही. सातव्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही.

"निकष सांगता येत नाहीत म्हणजे काय?" सोनटक्के जेवताना म्हणाले.

"अहो, चित्राचे कसले निकष?" वैजयंती म्हणाल्या. त्या सरकारी शाळेत गणित शिकवतात.

"भेंडीला असतात. चित्राला का नसावेत?"

जुलैमध्ये हौज खासला चाचणीचा वर्ग झाला, ऑगस्टमध्ये मुनिरक्याला. पालकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे सोनटक्के दोन्ही वेळा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. केतकी बाहेर येऊन दोन्ही वेळा "चांगलं होतं" एवढंच म्हणाली. ते तुलनात्मक तक्त्यात कुठल्या रकान्यात घालायचं, हे त्यांना कळेना.

करोल बागेचं उत्तर येत नव्हतं. त्यांनी तीन स्मरणपत्रं पाठवली.

"बाबा, दोघांतला एक घेऊन टाका ना यार."

"यार कोणाला म्हणतेस? तिसरं येऊ दे."

"नाही आलं तर? मुलीचंही री-टेंडर काढणार का?" वैजयंतींनी विचारलं.

या काळात केतकी घरात फक्त पाय काढत होती. मेट्रोतल्या लोकांचे पाय, दवाखान्याच्या रांगेतले पाय, इस्त्रीवाल्याचे पाय. बापाच्या ऑफिसातून आलेल्या एका बाजूने कोऱ्या कागदांचा गठ्ठा संपत आला. "वरची माणसं कुठे गेली?" वैजयंती विचारायच्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करोल बागेने बोलावलं. गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर दुसरा मजला. जिना इतका अरुंद की वरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी सोनटक्के भिंतीला चिकटले. वरून येणारा होता तिशीतला, दाढी वाढलेला, बोटांना कोळशाची काळी पूड लागलेला एक शिक्षक. केतकीला पाहून तो हसला.

"अरे, फिर मिल गए!"

"फिर?" सोनटक्के म्हणाले.

जिन्यातच सगळं बाहेर आलं. शिक्षकाचं नाव राघव. तिन्ही क्लासमध्ये तोच शिकवतो. तिन्ही ठिकाणी कंत्राटावर, तीन वेगवेगळ्या वारी. माहितीपत्रकं वेगळी, भिंतीवरच्या याद्या वेगळ्या, मास्तर एक.

"सर, दिल्ली में ऐसा ही चलता है," राघव शांतपणे म्हणाला.

घरी आल्यावर सोनटक्के बूट न काढताच म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"मुनिरक्यापासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मिलीभगत म्हणून सगळंच कॅन्सल केलं असतं."

"केलंच असतं! आणि आता करतोय." त्यांनी फाईलवर तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'तिन्ही रद्द'.

केतकीने दार आपटलं. "मग घरी बसते मी!" आतून आवाज आला. "बारा आठवडे वाया घालवले तुम्ही माझे!"

बारा आठवडे हा हिशेब बरोबर होता. सोनटक्के यांनी तो तपासून पाहिला.

चौथ्या दिवशी ते ऑफिसातून आले, तेव्हा फाईल टेबलावर होती आणि तिच्यात एक नवीन पान होतं. टिपण मराठीत, अक्षर वेडंवाकडं, परिच्छेदांना क्रमांक. केतकी लहानपणापासून जेवणाच्या टेबलावर खरेदीचे नियम ऐकत आली आहे. त्यातला एक तिने बरोबर लक्षात ठेवला होता : वस्तू एकाच ठिकाणी मिळत असेल, तर कारण लेखी नोंदवून तिथूनच घेता येते.

कारण तिने असं नोंदवलं होतं : 'राघव सरांनी पहिल्या दिवशी माझं रांगेचं चित्र बघून विचारलं, सबके पैर एक जैसे क्यों हैं, देखे थे क्या? मी पाहिले नव्हते. सोबत दोन कागद जोडले आहेत.'

पहिला कागद जूनचा. दवाखान्याची रांग, चौदा माणसं, सगळ्यांच्या पायात एकच गुळगुळीत चप्पल. दुसरा ऑगस्टचा. त्यात स्टुलावर टेकवलेले दोनच पाय होते. टाचांना भेगा. उजव्या अंगठ्याचं नख काळं. मे महिन्यात ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा खण त्यावर पडला होता.

सोनटक्के यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. मग मोजा काढून अंगठा तपासला. नख अर्धं वाढलं होतं. त्यांनी पेन उघडलं आणि टिपणाखाली लिहिलं, 'तत्त्वतः मान्य'.

केतकी मागे येऊन उभी होती. "तत्त्वतः नको, बाबा. तत्त्वतःवाल्या फायली तुमच्याकडे वर्षानुवर्षं पडून असतात. तुम्हीच सांगता."

त्यांनी 'तत्त्वतः' खोडलं. खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली, खाली मोठी सही आणि तारीख.

मग फोन लावले. हौज खासची बॅच भरली होती. करोल बागेत दिवाळीनंतर बघू म्हणाले. मुनिरक्यात रविवारी सकाळी सातची एक जागा होती. "सर, जुलाई में आते तो अच्छा था," तिथला माणूस म्हणाला.

"ते मला माहीत आहे," सोनटक्के मराठीतच म्हणाले, आणि नाव लिहून घ्यायला सांगितलं.

वैजयंतींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवार मोजले. जानेवारीपर्यंत पंधरा, त्यातला एक दिवाळीचा. त्यांनी दिवाळीचाही धरला.