नाव ऱ्हाऊ द्या, कंटेंट सांगा

ट्यूबची पुढची बाजू ते कधीच वाचत नसत. हातात दिली की लगेच पालथी करायची, हात लांब करून उजेडात धरायची, डोळे बारीक करायचे आणि मग मलाच परत द्यायची.

"मॅडम, नाव ऱ्हाऊ द्या. ह्यात कंटेंट काय?"

वडगाव मावळच्या बाजारात मी ज्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, तिथे असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीची माणसं "ती निळ्या झाकणाची" असं सांगतात, रिकामी स्ट्रिप पुढे करतात, नाहीतर मोबाईलवर फोटो दाखवतात. तुम्हीही काउंटरच्या पलीकडे उभे राहून असंच करत असाल. दुकानाच्या मालकांनी त्यांना नाव पाडलं होतं, कंटेंटभाऊ. मी त्यांना काका म्हणायची.

डोंगराच्या पायथ्याशी गुलाबाचं एक मोठं पॉलीहाऊस आहे. तिथे फवारणीचं काम त्यांच्याकडे होतं. एक्सप्रेसवेवरून जाताना ती पांढरी प्लास्टिकची छपरं सगळ्यांना दिसतात. आत किती उकडतं, पानांवर भुरीची बुरशी कशी येते आणि लाल कोळी ही कीड एका रात्रीत किती पसरते, हे मला त्यांच्याकडून कळलं. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं कंपनीचं नाव बघायचं नसतं, आतला घटक बघायचा असतो. तिकडे घटकाला सगळे कंटेंटच म्हणतात. शेतात शिकलेली ही रीत ते माझ्या काउंटरवर घेऊन आले होते.

त्यांच्या तोंडाला कायम रुमाल असे, डोळ्यांच्या खाली घट्ट ओढलेला. पॉलीहाऊसमधल्या बहुतेकांचा असतोच, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना फेसवॉश हवा होता. मी पुरुषांचा म्हणून काळ्या ट्यूबमधला दिला. त्यांनी शेजारची गुलाबी ट्यूबही मागितली आणि दोन्ही पालथ्या करून माझ्यापुढे ठेवल्या.

"वाचा."

मी वाचलं. दोन्हींत जवळजवळ तेच होतं. काळ्या ट्यूबमध्ये मेंथॉल जास्त होतं, एवढंच.

"मेंथॉल काय करतं?"

"काही नाही. म्हणजे... गार वाटतं."

"म्हंजी काम करतंय असं वाटतं." रुमालाआड ते हसले असावेत. "मग ह्यो काळा रंग कशापायी?"

"पुरुषांसाठी."

"आमी गुलाबाला फवारताना नर-मादी बगत न्हाई," असं म्हणून ते गुलाबी ट्यूब घेऊन गेले.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. औषधांचा विचार मनात इंग्रजीत येतो, आणि समोर माणूस उभा असताना मराठी शब्द शोधता शोधता माझी वाक्यं अर्धी राहतात. मग लोक कंटाळून मालकांकडे वळतात. काकांना अर्धी वाक्यं चालत. उरलेलं वाक्य ते गुलाबावरून पुरं करत.

"सॅलिसिलिक ॲसिड म्हणजे... त्वचेची छिद्रं असतात ना, ती..."

"चोकअप काढतं. ड्रिपच्या नळीत आमी ॲसिड सोडतो, तसं."

"हो. रोज नाही पण."

"आन ह्ये नायसिनमाइड?"

"व्हिटॅमिन आहे. तेलकटपणा कमी होतो, लाली थोडी... हळूहळू."

"टॉनिक मंग."

दाढीनंतर लावायच्या लोशनमध्ये स्पिरिट असतं, म्हणून ते चरचरतं. ऊन अडवणाऱ्या क्रीममधलं झिंक ऑक्साइड कातडीवर थरासारखं बसतं, म्हणून चेहरा पांढुरका दिसतो. असं एकेक ते विचारत गेले आणि मी अर्धंमुर्धं सांगत गेले. एवढं लक्ष देऊन माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि मला ते आवडायचं. मालक मागून म्हणत, "ह्याला डिप्लोमाच देऊन टाक एकदाचा."

मग जानेवारीत एके दुपारी ते आले आणि त्यांनी थेट एका मलमाचं नाव सांगितलं.

मी ट्यूब काढली. पांढरी, लहान. त्यांनी ती पालथी केली नाही, नुसता हात पुढे केला. म्हणून ती मी पालथी केली आणि वाचून दाखवली. त्यात एक अँटिबायोटिक होतं, एक बुरशीचं औषध होतं आणि तिसरं स्टेरॉइड.

"काका, हिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. कुठे लावता?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रुमाल गालापर्यंत खाली केला. गाल लाल होता आणि चकाकत होता, टोमॅटोच्या सालीसारखा. त्यात बारीक शिरा दिसत होत्या.

"सलूनवाल्यानं दिलती, मागच्या पावसाळ्यात. पुरळ आलतं. एका रात्रीत गेलं बगा. असला रिझल्ट तर आमच्या म्हागातल्या औषदाला न्हाई."

"आणि बाकीचं? मी दिलेलं?"

"त्ये पन लावतो की. तळहातावर समदं एकत्र घेतो. हे, ते ॲसिड, ते टॉनिक. एकाच टाकीत मिक्स. एका फवाऱ्यात काम."

फवारणीची माणसं दोन औषधं एका टाकीत कालवून एक फेरी वाचवतात. ते चेहऱ्यावरही तेच करत होते. मी शब्द शोधत राहिले.

"स्टेरॉइड लाली दाबतं. बरी करत नाही. रोज लावलं की कातडी पातळ होते, आणि थांबवलं की लाली दुपटीने वर येते. तुम्ही स्किनच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू सोडवतील."

"दुपटीनं," ते म्हणाले. रुमाल परत वर गेला. "मॅडम, ऑडिट हाय."

फेब्रुवारीच्या ऑर्डरआधी फुलं घेणाऱ्या परदेशी कंपनीकडून कुणीतरी तपासणीला येतं. औषधांची खोली बघतात, मास्क बघतात आणि कामगारांचे हात आणि तोंडं बघतात. फवारणाऱ्याच्याच तोंडावर भाजल्यासारखं दिसलं तर सगळी ऑर्डर धोक्यात. मॅनेजरने त्यांना बोलावून सांगितलं होतं की तोंड नीट असेल तर फवाऱ्यावर राहायचं, नाहीतर दुसरा बघू.

"मला दुसरं काय येतं? तेवढी दोन हप्ते द्या. ऑडिट झालं की बंद."

"नाही देता येणार, काका."

मालकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "दे गं. जुनं गिऱ्हाईक आहे. तू नाही दिलीस तर पुढच्या चौकात मिळेल."

ते खरं होतं. तरी मी ट्यूब कपाटात परत ठेवली. काका दारापर्यंत जाऊन वळले.

"त्या तिसऱ्या कंटेंटचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि निघून गेले. मालकांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

पुढच्या चौकात ते गेलेच नाहीत, हे मला आठवड्याने कळलं. डोळे सुजलेले, रुमालाच्या वरची पट्टीसुद्धा लाल झालेली, अशा अवस्थेत ते दारात उभे होते.

"बंद केलं," ते म्हणाले.

"एकदम? मी हळूहळू म्हटलं होतं. डॉक्टरांना विचारून."

"कंटेंटवर बंदी आली की आमी टाकीत उरलेलं पन फवारत न्हाई. बंद म्हंजी बंद." मग आवाज खाली आला. "रातभर आग व्हती. बायकोनं वारा घातला."

मी त्यांना साधं व्हॅसलीन दिलं. बाकी सगळं थांबवा, साबणसुद्धा नको, आणि आजच तळेगावला डॉक्टरांकडे जा, असं सांगितलं. ट्यूब पालथी करायला ते विसरले नाहीत. एकच कंटेंट होता. "ऑडिट झाल्याव जातो," म्हणाले.

ऑडिटच्या दिवशी दुकानाचा फोन वाजला. पॉलीहाऊसचा मॅनेजर होता. तपासणीला आलेल्या बाईंनी सगळ्यांना मास्क आणि रुमाल काढायला लावले होते. काकांनी सांगितलं होतं की हे फवाऱ्याचं नाही, मलमाचं आहे, बाजारातल्या मॅडमना विचारा.

"तुम्ही फक्त तेवढंच सांगा," मॅनेजर घाईने म्हणाला आणि त्याने फोन स्पीकरवर टाकला.

बाई इंग्रजीत बोलत होत्या. मीही इंग्रजीत उत्तर दिलं, आणि पहिल्यांदाच दुकानात माझी वाक्यं पूर्ण झाली. ट्यूब मी पाहिली आहे. त्यात स्टेरॉइड आहे. कित्येक महिने लावून एकदम थांबवली की चेहरा असाच होतो.

"म्हणजे फवारणीचा काही संबंध नाही, असं तुम्ही सांगू शकता?" बाईंनी विचारलं.

फोनमधून प्लास्टिकचं छप्पर वाऱ्याने फडफडताना ऐकू येत होतं. तिथे काका उभे असणार, रुमालाशिवाय, एकही शब्द न कळता. मालक माझ्याकडे बघत मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

मी म्हणाले, नाही, तसं मला सांगता येणार नाही. ते डॉक्टरच सांगतील. पण कातडी एवढी पातळ झाली असेल तर औषधाचा उडालेला थेंबही त्यांना सोसणार नाही. बरं होईपर्यंत त्यांनी फवारणी करू नये.

मग फोन बंद झाला.

दिवेलागणीला ते आले. रुमाल बांधलेला होता.

"मॅनेजरला वाटलं, तुमी माजी बाजू घ्याल."

"घेतली होती, काका."

"तसली बाजू मला नको व्हती," ते म्हणाले. रागावून नाही. हिशेब चुकल्यासारखं.

ऑर्डर हातची गेली नाही. काकांचा फवारा मात्र गेला. त्यांना ग्रेडिंगच्या हॉलमध्ये पाठवलं. तिथे बायका काटे काढून फुलांच्या जुड्या बांधतात. त्यातली एक आमच्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या न्यायला येते. ती सांगत होती, "पयल्या दिवशी आमी म्हणलं, भाऊ, रुमाल कशाला, पदरच घ्या की. तर हसलं न्हाईत. दिसभर मान खाली घालून काटं काढलं." हंगाम संपल्यावर मॅनेजरने त्यांना परत फवाऱ्यावर घेतलं नाही. त्यांनी काम सोडलं.

दुकानात ते परत आले नाहीत. मालक कधीकधी नवी ट्यूब पालथी करून "कंटेंट काय?" असं म्हणतात आणि माझ्याकडे बघून ती जागेवर ठेवतात. चेहऱ्याला लावायला म्हणून कुणी ती पांढरी ट्यूब मागितली, तर आता तेच आधी चिठ्ठी विचारतात.

दिवाळीच्या आधी एकदा मी घोरावाडी स्टेशनवर लोकलची वाट बघत होते. बाकावर एक गृहस्थ बसले होते. गालावर काळसर डाग, दाढी विरळ, साधा, थोडा थकलेला चेहरा. मी ओळखलं नाही. मग त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, तो पालथा केला आणि हात लांब करून उजेडात धरला.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि पुडा माझ्यापुढे केला.

"वाचा."

"मैदा. साखर. पामतेल."

"आन?"

"बाकी नुसता वास आहे."

"मेंथॉलवानी," ते म्हणाले, आणि त्यांनी पुडा फोडून मला दोन बिस्किटं दिली.

डॉक्टरांकडे गेलो होतो, म्हणाले. लय महिने लागले. आता कामशेतच्या पुढे एका नर्सरीत पिशव्या भरतो. फवाऱ्याचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

लोणावळ्याकडची लोकल आधी आली. ते चढले आणि दारातच उभे राहिले. गाडी हलली तसा धुळीचा झोत आला, आणि त्यांचा हात सवयीने रुमाल वर ओढायला गेला. रुमाल नव्हता. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो गालावर टेकवला आणि गाडी पुढे जाईपर्यंत तिथेच ठेवला.