रद्दीत न सापडलेलं त्रैमासिक

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावातल्या त्या रद्दीच्या दुकानातच उभा होतो. रविवारची सकाळ, आमची ठरलेली भेट. गावातल्याच मेहरूणहून यायला एवढा उशीर कसा, म्हणून मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो, आणि फोनवर त्याचा मुलगा सांगत होता, "काका, बाबा झोपेतच गेले..." हातातला अंक मी ढिगावर परत ठेवला आणि रिक्षा शोधायला निघालो.

भास्कर कथा लिहायचा. कथा कुठे पाठवायची हे ठरवण्याची त्याची रीत मात्र जगावेगळी होती. बाकीचे लोक अंकात कोणाची नावं आहेत बघतात, संपादक ओळखीचा निघतो का विचारतात. हा पठ्ठ्या थेट रद्दी उपसायचा. जुने अंक काढून पानं चाळायची... चहाचा डाग, दुमडलेला कोपरा, समासात कुणी रागाने मारलेली फुली दिसली की मासिक पास. कोरा करकरीत अंक निघाला की तो माझ्या अंगावर टाकायचा. "हाऊ बठ्ठा कोरा शे रे! कोनी हात बी लायेल नही. आठे मन्ही गोट कसाले धाडू?" माणूस साक्रीकडचा, चिडला की घरची अहिराणी बाहेर यायची; कुणी हातही न लावलेल्या अंकात आपली गोष्ट कशाला पाठवायची, हा त्याचा सवाल. रद्दीवाला आम्हा दोघांना बिनकामाचे समजायचा, आणि त्याचं फारसं चुकत नव्हतं.

या चाळणीतून गेलेल्या मासिकांत त्याच्या थोड्याफार कथा आल्या. पण आईवरची एक दीर्घकथा त्याने वर्षानुवर्षं दाबून ठेवली. डोक्यावर पाटी घेऊन साक्रीच्या बाजाराला चालत जाणारी आई होती तिच्यात. "छापून नाही आली तरी चालेल, पण न वाचताच रद्दीत गेली तर आईला दुसऱ्यांदा स्मशानात पोहोचवल्यासारखं होईल," असं तो म्हणायचा. मी एकदा धुळ्याकडच्या एका त्रैमासिकाचं नाव सुचवलं. त्याने ते झटक्यात उडवून लावलं. "रद्दीत एकदा तरी दिसलं का आपल्याला? म्हणजे कुणी घेतच नसणार." मला तेव्हा ते पटलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी साक्रीला त्याच्या थोरल्या बहिणीला भेटायला गेलो. गुडघ्यांमुळे अक्कांना जळगावला येता आलं नव्हतं. भास्करचा जुना फोटो दाखवायचा म्हणून त्यांनी मला पेटी उघडायला लावली. आत जुन्या लुगड्यात बांधलेला गठ्ठा होता. सोडला, तर तेच त्रैमासिक... कित्येक वर्षांचं, हाताळून मऊ पडलेलं.

"मन्हा भाऊ लिखस ना," अक्का म्हणाल्या. "कधी तरी त्यानं नाव येई म्हनीसन एक बी इकेल नही."

"त्याला कधी सांगितलं का नाही, अक्का?"

सांगितलं असतं तर बहिणीसाठी म्हणून त्याने घाईघाईत काहीबाही पाठवलं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे त्रैमासिक रद्दीत दिसत नव्हतं, कारण लोक ते विकतच नव्हते. आधी मला हसू आलं, मग रडू आवरेना. त्याच्यावर एवढा राग मला तो जिवंत असताना कधी आला नव्हता.

भास्करच्या मुलाला विचारून मी ती आईवरची कथा तिकडे पाठवली. लगेचच्याच अंकात ती आली. अंक घेऊन पुन्हा साक्रीला गेलो. अक्का बराच वेळ नुसत्या त्याच्या नावावर बोट फिरवत राहिल्या, मग मला वाचायला सांगितलं. आई बाजारातून परतते तिथे मी थांबलो, तेव्हा म्हणाल्या, "वाच ना भाऊ, ती घर येवाले जोयजे." मी वाचत वाचत आईला घरी आणलं.

भास्कर नाही, तरी रविवारी माझे पाय त्या दुकानाकडे वळतात. ढिगापाशी बसलो की तो मागे उभा आहे असं वाटतं, मान वळवायचा धीर होत नाही. मी आता त्याच्या कथेचा अंक शोधतो आणि सापडला नाही की माझा जीव भांड्यात पडतो. एखाद्या रविवारी सापडलाच, तर आधी पानं कोरी आहेत का ते बघायचं, की न उघडताच उचलून घरी न्यायचं... हे मी मागे उभ्या असलेल्याला विचारतो.