छपराखालची फट

घरमालकाने ओळीने आठ घरं बांधली, पण मधल्या भिंती छपरापर्यंत नेल्याच नाहीत. धूर, भांडण, खोकला, सारं सामायिक! मी संतापून पत्रक लिहिलं, मोठ्याने वाचलं. पलीकडे रोहिणखेडच्या टेलरचाचांचं मशीन थांबलं.

"अबे, 'अन्याय' तीनदा आला. एकच ठेव."

माझ्या प्रत्येक पत्रकाचं असंच. वाक्य लांबलं की मशीन थांबायचं. जमलं की पुन्हा खडखड सुरू. मागणीवर पहिली सही मात्र त्यांचीच.

शेवटी मालक नमला, गवंडी आला. वरच्या थराला विटा लागताच चाचा ओरडले, "तेवढी जागा सोड बे! याचं पुढचं पत्रक मले कसं ऐकू येईन?"

गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. एका अन्यायापुढे मी पहिल्यांदाच गप्प बसलो.