गोल दाताची चेन

एकाहत्तरच्या मे महिन्यात लष्करातली आमची इंजिनिअर कंपनी पिंपरीजवळच्या कॅम्पात होती. मी सॅपर शिंदे, गाव वाईकडचं, वय बावीस. त्या आठवड्यात स्टोअरमधून नवीकोरी चेनसॉ इश्यू झाली. पेट्रोलचं इंजिन, पुढं लांब पाती, पातीभोवती फिरणारी दातेरी चेन, आणि एक जादा चेन. माझे हात नुसते शिवशिवत होते.

सेक्शन कमांडर नाईक दस्तगीर मुलाणी, चाकणचे. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिल्या दिवशी उस्तादांनी इंजिनाला हात लावू दिला नाही. दोन्ही चेनी तेलाच्या डब्यात बुडवून ठेवल्या आणि मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते ऑफिसात गेले आणि मी शहाणपणा केला. एक चेन चढवली, थ्रॉटल पूर्ण दाबला, सॉ बाभळीच्या ओंडक्यात घुसवली. दोन मिनिटांत चेन तापून सैल पडली आणि पातीवरून उतरली. बोटं शाबूत राहिली हे नशीब.

मला वाटलं, आता पाठीवर ओझं घेऊन मैदानाला फेऱ्या. उस्ताद एवढंच म्हणाले, "शिंदे, नवा बूट पयल्याच दिवशी रूट मार्चला घालतोस व्हय?"

पुढचे चार दिवस आंब्याचं मऊ लाकूड, अर्धा थ्रॉटल. दोन काप झाले की थांबायचं. चेन गार झाल्यावरच ताण द्यायचा, कारण गरम असताना ताणली तर नंतर आकसून पाती धरते. मी वैतागायचो, ते हसायचे. एक चेन टोकदार दाताची, स्वच्छ लाकडात भराभर जाणारी. दुसरी गोल दाताची, सावकाश, पण माती सोसणारी. लाकूड नुसतं बघू नको, त्याच्यावर काय बसलंय ते बघ, असं ते सांगायचे. मी मान डोलवायचो आणि टोकदारच लावायचो.

शनिवारी वळवाचं वादळ झालं. सोळा वीसला वायरलेसवर निरोप आला की मोशीच्या पुढं एका घरावर चिंच पडली आहे, माणूस अडकला आहे. सतरा शून्य पाचला आम्ही पोचलो. झाड मातीची भिंत घेऊन आडवं झालं होतं. खाली बाबूराव नावाचे शेतकरी, कमरेवर जाड फांदी. श्वास तुटत होता. त्यांची बायको पारूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

मी सॉ उचलली. उस्तादांनी फांदीवरून हात फिरवला, बोटं चोळली. भिंतीची रेताड माती सालीत गच्च बसली होती.

"चेन बदल."

"उस्ताद, पाच मिनिटं जातील."

"बदल."

पारूबाई म्हणाली, "आवं, कापा की. माणूस चाललाय माझा."

उस्ताद तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले. "मावशी, पाच मिनिटं मला द्या. मग ह्यो माणूस तुमचा."

मी टोकदार चेन उतरवून गोल दाताची चढवली. आमच्याबरोबर आलेल्या कॅप्टन साहेबांनी विचारलं, "मुलाणी, हो जाएगा?" उस्ताद म्हणाले, "होगा, साहब." फांदीला जॅक लावला आणि मी कापायला लागलो. रेती कचकच वाजत होती, पण चेन जात राहिली. सतरा एकतीसला फांदी सुटली. चौघांनी उचलली. बाबूरावांनी पुरता श्वास घेतला आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, इंजिनाच्या धुराचं निमित्त करून.

दुसऱ्या दिवशी उरलेलं झाड तोडायला गेलो, तेव्हा उस्तादांनी मुद्दाम त्याच मातीत मला टोकदार चेन चालवायला लावली. तीन मिनिटांत दात बोथट, नुसता धूर.  मग त्यांनी हातात गोल कानस दिली आणि प्रत्येक दाताला माझ्याकडून धार लावून घेतली. त्याच चिंचेच्या तुकड्याची त्यांनी त्या कानशीला मूठ केली.

डिसेंबरात पश्चिम सीमेवर सुरुंग काढताना नाईक दस्तगीर मुलाणी पडले. सकाळचे साडेसहा. मी वीस पावलं मागं होतो. कानस माझ्या पिशवीत होती, चेनीला धार लावून ठेव म्हणून आदल्या दिवशी त्यांनीच दिलेली. माझा त्यांच्यावर फार जीव होता. सांगायचं राहिलं.

लढाई संपल्यावर रजा घेऊन मी चाकणला त्यांच्या वडिलांकडं गेलो. दुकानाच्या फळीवर चिंचेखालून काढलेले बाबूराव काठी घेऊन बसले होते. बातमी आल्यापासून दर बाजाराच्या दिवशी येतात, तासभर बसतात, असं कळलं. उस्तादांच्या वडिलांना मी चाचा म्हणालो आणि त्यांच्यापुढं कानस ठेवली. त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला; वापरानं पडते ती खळी तिथं अजून नव्हती.

"हिला अजून हात बसला न्हाई," ते म्हणाले.

"सहा महिनेच मिळाले, चाचा."

त्यांनी ती मला परत दिली. "तू वापर, बेटा. बसू दे हात."

आता मी पिंपरीत एका कंपनीच्या लाकूडखात्यात आहे. नवी चेन आली की पहिल्या दिवशी कुणाला सॉला हात लावू देत नाही. आधी चहा पाजतो. गेल्या दहा वर्षांत त्या मुठीवर अंगठ्याची खळी पडली आहे. अंगठा माझा आहे. जागा नाईक दस्तगीर मुलाणींची होती.